परवान्याचे रिव्हॉल्वर : सरंजाम आणि सवय



पैसे मोजून घरात आणावयाची, आणि तिचा उपयोग करण्याचा प्रसंग मात्र कधी न येवो अशी प्रार्थना करावयाची, अशा वस्तू गृहस्थाच्या घरात फार थोड्या. विम्याचा कागद ही त्यांतली एक. परवान्याचे रिव्हॉल्वर ही दुसरी. पण या दोहोंत एक मोठे अंतर आहे. विम्याचा कागद वीस वर्षे पेटीच्या तळाशी पडून राहिला तरी कोणाचे वाकडे करीत नाही. रिव्हॉल्वर पडून राहिले की मालकाचा हात त्यास विसरतो, काडतुसांस दमट हवा लागते, आणि घरातील मुले मात्र ते कोठे ठेवले आहे हे कधीच विसरत नाहीत. ते घेतल्यानंतर त्याच्याभोवती कोणता सरंजाम जमवावा, आणि हातास कोणत्या सवयी लावाव्यात, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

शस्त्र घरात असावे की नसावे, हा वाद मी येथे काढीत नाही. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणे परवाना देणारा अधिकारी अर्जदाराची चौकशी करतो आणि मगच त्यास होकार वा नकार देतो. सोन्याचांदीचे व्यापारी, रोकड घेऊन फिरणारे कारखानदार, धमक्या आलेले वकील, गावाबाहेरच्या एकाकी बंगल्यात राहणारी मंडळी अशांस कधी तो मिळतो. माझे बोलणे त्यांच्याशी आहे. आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या घरातील माणसांशी आहे, कारण परवाना एकाच्या नावाचा असला तरी छप्पर सर्वांचे एकच असते.

आपल्याकडील परवानेधारकाच्या हाती बहुधा असते ते ३२ बोअरचे शस्त्र. सैन्याच्या व पोलिसांच्या वापरातील ९ मिलिमीटरसारख्या मापाची पिस्तुले सामान्य नागरिकास मिळत नाहीत. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार झालेले सहा काडतुसांचे रिव्हॉल्वर अनेकांनी पाहिले असेल. त्याची घडण जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरवरून घेतलेली आहे. वरची कळ दाबली की ते मध्ये मोडल्यासारखे उघडते आणि सहाही घरांतील काडतुसे एकदम उचलली जातात. २०१४ साली ‘निर्भीक’ या नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे हलके रिव्हॉल्वर बाजारात आले होते. आपोआप भरणारे ‘अशनी’ पिस्तूलही याच ३२ मापाचे. हे एवढ्यासाठी सांगितले की, अमेरिकेतील सचित्र पुस्तकांत पिस्तुलास जोडावयाच्या ज्या पन्नास वस्तूंची वर्णने येतात, त्यांतील बहुतेक आपल्या या साध्या शस्त्रास जोडताच येत नाहीत. नळीखाली दिवा बसविण्यास जागा नाही, माथ्यावर काचेचे लक्ष्यदर्शक बसविण्यास खाच नाही. यात तोटा झाला असे मला मुळीच वाटत नाही. खरेदीचा मोह आपोआप आवरला जातो आणि गरजेच्या दोन-तीन वस्तूंकडे लक्ष देता येते.

त्या गरजेच्या वस्तू कोणत्या, हे ठरविण्याची कसोटी आपल्या नियमांतच लिहिलेली आहे. २०१६ च्या शस्त्र-नियमांत असे सांगितले आहे की, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्वर न्यावयाचे तर ते त्यासाठीच बनविलेल्या होल्स्टरमध्ये अथवा तशाच आवरणात असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. कायद्याची भाषा रुक्ष असते. परंतु ‘झाकलेले’ आणि ‘ताबा’ हे दोन शब्द ज्याने त्या नियमात घातले त्यास शस्त्राचे मर्म कळले होते. कोणतीही वस्तू विकत घेताना दुकानात उभे राहून मनाशी विचारावे की, हिच्यामुळे माझा ताबा वाढतो की कमी होतो? गोळी झाडण्याच्या दोन क्षणांतील ताब्याविषयी मी बोलत नाही. उरलेल्या साऱ्या आयुष्यात, म्हणजे झोपताना, वाकताना, मोटारीत चढताना, कपाट उघडताना जो ताबा राहावयास हवा, त्याविषयी बोलतो आहे.

या दृष्टीने पहिला मान होल्स्टरचा. पुष्कळ गृहस्थ साठ-सत्तर हजार वा लाख-सव्वालाख रुपये शस्त्रास मोजतात आणि होल्स्टर मात्र विक्रेत्याने वर टाकलेले, मऊ कापडी पिशवीसारखे वापरतात. काही जण तेवढेही करीत नाहीत. रिव्हॉल्वर विजारीच्या खिशात, किल्ल्या आणि सुट्या नाण्यांच्या संगतीत. कोणी कमरेस नुसते खोचतात, कोणी मोटारीच्या पुढच्या कप्प्यात टाकतात, आणि मोटार धुणारा पोऱ्या तो कप्पा रोज सकाळी पुसतो! खिशातील किल्ली चापाभोवतीच्या कड्यात शिरली आणि मालक खाली बसला, तर चाप ओढण्यास मालकाच्या बोटाची आवश्यकता राहत नाही.

चांगल्या होल्स्टरची परीक्षा सोपी आहे. रिव्हॉल्वर पूर्ण रिकामे करून, दोनदा तपासून, मग ती करावी. चाप व त्याभोवतीचे कडे यांचा कोणताही भाग उघडा राहता कामा नये. बाहेरून बोटाने दाबले असता होल्स्टर चापापर्यंत दबता कामा नये. शस्त्र बाहेर काढल्यावर त्याचे तोंड उघडेच राहिले पाहिजे. ते मिटत असेल तर शस्त्र परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडावे लागते आणि तो हात नळीच्या पुढे येतो. शेवटची परीक्षा अशी की, रिकामे शस्त्र घालून जमिनीवर पडलेला रुमाल उचलावा, जिना धावत चढावा, मुलास कडेवर घेतल्यासारखे एखादे ओझे उचलावे. एवढ्याने ते सुटून पडत असेल तर दुकानदारास परत करावे. कातडी होल्स्टर उत्तम असते, पण जुने झाल्यावर त्याची वरची कड मऊ पडून आत दुमडते. ती दुमडलेली घडी शस्त्र आत सरकविताना कड्यात अडकते आणि चाप दाबते. असे अपघात झालेले आहेत. हल्ली कठीण प्लॅस्टिकची होल्स्टरे मिळतात. दिसण्यात त्यांस शोभा नाही, पण ती दुमडत नाहीत. त्यांच्याबरोबर कमरपट्टाही जाड व ताठ हवा, नाहीतर उत्तम होल्स्टर सैल पट्ट्यावर घंटेसारखे लोंबकळत राहते. शस्त्र बाहेर काढण्याची घाई एखादे वेळी क्षम्य ठरेल. परत घालताना घाई करण्यास कोणतेच कारण नसते. तेथे डोळ्यांनी पाहून, बोट दूर ठेवून, सावकाश घालावे.

स्त्रियांपैकी काहींच्या नावे परवाने असतात आणि त्या शस्त्र हातातील पिशवीत ठेवतात. पिशवीत स्वतंत्र, बंद होणारा कप्पा आणि त्यात पुन्हा कठीण आवरण असेल तर ठीक. परंतु पिशवी ही खुर्चीवर ठेवली जाते, लग्नघरी दुसऱ्याच्या स्वाधीन केली जाते, चार वर्षांची नात तीत गोळ्या-चॉकलेटे शोधते. तेव्हा पिशवीचा मार्ग सोयीचा असला तरी मी तो सुचविणार नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कुलपाची पेटी. येथे मला थोडे अधिक बोलणे भाग आहे. आपल्या घरांत मौल्यवान वस्तूंची जागा म्हणजे लोखंडी कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली म्हणजे देव्हाऱ्यामागे, गादीखाली किंवा तांदळाच्या डब्यात. घरातील प्रत्येकास ती ठाऊक असते. कामाच्या बाईसही असते. शस्त्रासाठी कपाटाच्या आत भिंतीस वा फळीस बोल्टाने घट्ट बसविलेली निराळी पोलादी पेटी असावी आणि तिची किल्ली वा आकडा परवानेधारकापाशीच असावा. आकड्यांचे कुलूप असेल तर लग्नाची तारीख किंवा मुलाचे जन्मवर्ष हा आकडा ठेवू नये, हे सांगावयास नको असे मला पूर्वी वाटत असे. काडतुसे वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवणे हे सर्वांत बरे. रात्री ज्यास शस्त्र भरून जवळ ठेवणे खरोखरच आवश्यक आहे त्याने बिछान्याशेजारी लवकर उघडणारी, पण कुलूपबंद, छोटी पेटी ठेवावी. उशीखाली नव्हे. झोपेतून अर्धवट जागा झालेला मनुष्य हात उशीखाली घालतो तेव्हा त्याच्या बोटास प्रथम काय लागेल हे तो सांगू शकत नाही.

या पेटीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मोकळेपणाने बोलला जात नाही. चोराने शस्त्र पळविण्याची भीती सर्वांस असते; घरातील एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती ते लागण्याची भीती कोणी बोलून दाखवीत नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगा, व्यापारात बुडालेला भाऊ, दीर्घ आजाराने गांजलेले वडील यांच्या मनातील एक काळी घटका टळली तर पुढे सगळे आयुष्य असते. आणि बंद पेटी ती घटका टाळू शकते. घरात असे काही चालले असेल, किंवा परवानेधारकाचेच चित्त ठिकाणावर नसेल, तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात काही दिवस जमा करून रीतसर पावती घ्यावी. यात कमीपणा नाही. निवडणुकीच्या काळात अधिकाऱ्यांच्या आदेशावरून अनेकजण शस्त्र जमा करतातच.

आता शस्त्राच्याच घडणीविषयी एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत एका ख्यातनाम चित्रपट-अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी शिरली. प्रवासास निघण्यापूर्वी ते कपाटात ठेवताना हातून निसटून पडले, असे त्या वेळी सांगण्यात आले. गृहस्थ सुदैवाने बरे झाले. वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली, पण पडलेल्या रिव्हॉल्वरातून गोळी कशी सुटू शकते हे फारसे कोणी समजावून दिले नाही. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरात घोडा खाली असताना त्याची टोचणी काडतुसाच्या बुडाशी जवळजवळ टेकलेली असते. असे शस्त्र घोड्यावर आपटले की तो आघात थेट काडतुसास पोहोचतो, चापास कोणी स्पर्श केलेला नसला तरी! या दोषावर तोड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघाली होती. घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी अशी बसविली की चाप पूर्ण ओढल्याखेरीज आघात पुढे जाऊच नये. अमेरिकेतील आयव्हर जॉन्सन कंपनी आपल्या रिव्हॉल्वरच्या घोड्यावर हातोडीने ठोकण्याचे चित्र जाहिरातीत छापीत असे, ते याच भरवशावर. तेव्हा ज्यांच्याकडे वडिलोपार्जित रिव्हॉल्वर आहे त्यांनी परवानाधारक कारागिरास इतकेच विचारावे की, ‘यात घोडा अडविणारी पट्टी आहे काय, आणि ती आज काम करते काय?’ उत्तर नकारार्थी असेल, किंवा कारागीर घुटमळत असेल, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवून सहाऐवजी पाचच काडतुसे भरावीत. आणि शस्त्र हातातून निसटलेच तर ते झेलण्याचा प्रयत्न करू नये. पडू द्यावे. झेलणाऱ्याची बोटे चापातच अडकतात.

बाकीच्या वस्तूंविषयी भराभर सांगतो. मूठ हातास मोठी वा लहान असेल तर बदलून घ्यावी. हा खर्च रास्त आहे, कारण मूठ नीट न बसल्यास चाप ओढताना नळी बाजूस वळते. नळीच्या टोकावरील माशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. मंद उजेडात त्याचा उपयोग होतो आणि त्यास चार आणेही पडत नाहीत. लाल किरण फेकणारी खेळणी घेऊ नयेत. रंगीबेरंगी चाप, नक्षीच्या मुठी, सोन्याचे पाणी, यांविषयी काय बोलावे? चाप हलका करून घेण्याची हौस मात्र धोक्याची आहे. कारखान्याने तो जड ठेवला आहे तो विचारपूर्वक.

दिव्याविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. घरात रात्री खुडबूड झाली तर शस्त्राआधी दिवा हवा, कारण समोर कोण आहे हे कळल्यावाचून शस्त्राचा उपयोग करणे म्हणजे आंधळी कोशिंबीर. पण तो दिवा हातात स्वतंत्र असावा. शस्त्रासच जोडलेल्या दिव्याने पाहावयाचे म्हणजे जे जे पाहावयाचे त्या प्रत्येकावर नळी रोखावयाची. रात्रपाळीहून परतलेला मुलगा, पाणी प्यावयास उठलेली आई यांच्यावरसुद्धा. डाव्या हातातील साधा, प्रखर टॉर्च हे काम निर्धोकपणे करतो. घरातील वीज गेली असता तो इतर वेळीही उपयोगी पडतो, हा आणखी लाभ.

मैदानावर सरावास जाताना कानांवर व डोळ्यांवर आवरण हवेच. पिस्तुलाच्या आवाजाची तीव्रता दीडशे डेसिबलच्या घरात जाते. एकशेचाळीसच्या पुढचा एकच आघात कानास कायमचा अपाय करू शकतो. ऐकू येण्याची जी शक्ती गेली ती परत येत नाही, आणि ज्यास ऐकू कमी येते त्यास मध्यरात्रीची खुडबूडही ऐकू येत नाही!

येथपर्यंत पैशाने मिळणाऱ्या वस्तू झाल्या. सवय विकत मिळत नाही. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले, ही गोष्ट उत्तम झाली. पण प्रमाणपत्र एकदाच मिळते आणि हात तर सहा महिन्यांत विसरतो. पोहणे वा सायकल यांप्रमाणे नेमबाजी एकदा आली की राहते, असा समज आहे. तो खरा नाही. चाप सरळ ओढण्याची कला गवयाच्या गळ्यासारखी आहे, रियाज सुटला की सूर हलतो.

अमेरिकन मरीन दलातील लेफ्टनंट कर्नल जेफ कूपर यांनी १९७६ साली ॲरिझोना संस्थानात पिस्तुलाचे शिक्षण देणारी संस्था काढली. हाताळणीचे चार नियम त्यांनी घालून दिले आणि आज जगभर ते शिकविले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्याचा नाश व्हावा अशी आपली इच्छा नाही त्याच्यावर नळी येऊ देऊ नये. नेम धरून होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, हे निश्चित जाणावे. यांत विशेष असे की, एक नियम चुकून मोडला तरी बाकीचे तीन सांभाळून घेतात. दुखापत होण्यास बहुधा दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात. चौथ्या नियमाचे महत्त्व आपल्या शहरांत सर्वांत अधिक. चाळीची फळ्यांची भिंत किंवा अर्ध्या विटेची आडभिंत यांचा भरवसा धरून गोळी झाडणे म्हणजे शेजाऱ्याच्या झोपलेल्या मुलाचा भरवसा धरणे होय.

तिसरा नियम हाताच्या वळणाचा आहे. शस्त्र हाती आले की पहिले बोट चापाच्या वर, चौकटीच्या बाजूस, सरळ ताणून ठेवावयाचे. हे इतके अंगवळणी पडले पाहिजे की भिंतीस भोके पाडण्याचे यंत्र किंवा बागेस पाणी देण्याची नळी हाती घेतली तरी बोट आपोआप तेथेच जावे. दचकलेल्या माणसाची मूठ आपोआप आवळते. तोल गेलेल्याचीही आवळते. त्या वेळी बोट कोठे होते, यावर सारे अवलंबून असते. रिव्हॉल्वर धरणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे: फिरते चक्र आणि नळी यांमधील फटीतून तप्त वायू जोराने बाहेर पडतो, म्हणून आधाराच्या हाताची बोटे त्या फटीपुढे जाऊ देऊ नयेत.

आता सराव. काडतुसे महाग आहेत, आणि एका वेळी किती बाळगावीत व वर्षात किती घ्यावीत हे परवान्यावर लिहिलेले असते. तेव्हा आपल्याकडच्या माणसाचा बहुतेक सराव हा कोराच, म्हणजे काडतुसावाचून व्हावयाचा. यात निराश होण्याचे कारण नाही. चांगले चांगले नेमबाजही मोठ्या प्रमाणात हाच सराव करतात. त्याची पद्धत अशी. ज्या खोलीत सराव करावयाचा तेथे एकही खरे काडतूस असता कामा नये. ती दुसऱ्या खोलीत कुलपात. शस्त्र उघडून सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत, बोटाने चाचपावीत. पिस्तूल असेल तर मॅगझीन आधी काढावे आणि मग नळीतील काडतूस. हा क्रम उलटला तर नळी पुन्हा भरली जाते. घरांत सरावाची खोटी काडतुसे घालावीत, म्हणजे टोचणी झिजत नाही. समोर गोळी अडवील अशी जाड, बाहेरची भिंत असावी. मग माशी एका ठिपक्यावर धरून चाप हळूहळू, एकसारखा मागे आणावयाचा आणि घोडा पडला तरी माशी हलता कामा नये. माशीच्या मागे, नळीवर एक नाणे ठेवून पाहा. घोडा पडताना नाणे पडले नाही तर हात स्थिर आहे असे समजावे. रोज दहा मिनिटे पुरेत. थकलेल्या हाताने तासभर केलेला सराव वाईट वळणच लावतो.

या सरावातील खरा धोका त्याच्या शेवटी असतो. सराव संपला, शस्त्र भरले, पेटीत ठेवावयास निघालो, आणि मनात आले, ‘एकदाच आणखी!’ हात त्याच भिंतीकडे जातो, चाप ओढला जातो, आणि या वेळी घर रिकामे नसते. यासाठी शेवट स्पष्ट करावा. सराव संपला असे मोठ्याने म्हणावे, ठिपक्याचा कागद भिंतीवरून काढून टाकावा, आणि त्या दिवशी शस्त्रास पुन्हा हात लावू नये. घरातील मंडळी हसतील, हसू द्यावीत.

वर्षातून निदान तीन-चार वेळा रायफल क्लबात जाऊन खऱ्या काडतुसांनी हात तपासून घ्यावा. तेथे पंचवीस मीटरवरील गोल निशाणात दहा गुण मिळविण्याची चुरस असते आणि ती मनोरंजक आहे. पण आत्मरक्षणाचा प्रसंग तसा नसतो. विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स या शांघायच्या नगरपोलिसांतील दोन अधिकाऱ्यांनी १९४२ साली आपल्या अनुभवांवरून पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसलेल्या बहुतेक चकमकी काही पावलांच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपलेल्या होत्या. त्यांच्या शिपायांच्या पिस्तुलाची सुरक्षा-कळ त्यांनी पिन मारून कायमची बंद केली आणि नळीत काडतूस न ठेवता पिस्तूल बाळगण्याची, व बाहेर काढताना ते भरण्याची शिकवण दिली. गडबडीत कळ विसरते, पण हाताची एक ठोकळ हालचाल विसरत नाही, असा त्यांचा विचार. पुढे १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी एका लेखात दाखविले की, एकवीस फुटांवरून धावत येणारा मनुष्य सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्याच वेळात शिकलेला पोलीस पिस्तूल बाहेर काढून दोन गोळ्या झाडू शकतो. यावरून काही लोक अधिक वेगाने शस्त्र काढण्याचा ध्यास घेतात. मला त्यातून निघणारा अर्थ निराळा वाटतो. ज्याचे शस्त्र जिन्यावर, गर्दीत वा मोटारीत आहे त्या सामान्य गृहस्थास दीड सेकंद मिळणारच नाही. त्याने दार उघडण्यापूर्वी पाहावे, रोकड नेण्याची वेळ व वाट बदलावी, आणि अंतर राखावे.

रात्री घरात चोर शिरल्याचा संशय आला असता काय करावे, याचा सराव मात्र कोणीच करीत नाही, आणि तोच सर्वांनी मिळून करावयाचा असतो. शस्त्र घेऊन खोल्या धुंडाळीत फिरू नये. सर्वांनी आधी ठरविलेल्या एका खोलीत जमावे, दार आतून लावावे, माणसे मोजावीत, ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे आणि तेथेच थांबावे. परवानेधारक दाराकडे तोंड करून उभा राहील. माणसे मोजणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण मोजणीत एक कमी भरला तर बाहेर वाजणारे पाऊल कदाचित त्याचेच असेल. दिवे विझवून, घड्याळ लावून, वर्षातून दोनदा हा खेळ घरी करून पाहावा. मुलांस तो आवडतो, आणि म्हाताऱ्या माणसास जिना उतरण्यास किती वेळ लागतो हे त्यामुळे कळते.

कायद्याचेही दोन शब्द. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी १८६० च्या दंडसंहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. मर्यादा तीच राहिली आहे: संरक्षणास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी अधिकाऱ्यांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तेथे हा हक्क चालत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्यास न्यायालयात उत्तर देणे कठीण जाईल. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा तर २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र अपराधच झाला आहे. हयगयीने असा बार काढून दुसऱ्याच्या जिवास धोका आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच.

अखेरीस आपल्या घरांतील एका रिवाजाविषयी बोलतो. खंडेनवमीस आपल्याकडे शस्त्रे पुजावयाची चाल आहे, आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण वर्षभर कुलपात असलेले रिव्हॉल्वर त्या दिवशी पाटावर येते, त्यावर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पडतात, आणि जमलेली भाचे-पुतणे मंडळी ते उचलून पाहतात. पूजेपूर्वी परवानेधारकाने शस्त्र उघडून रिकामे केलेले दुसऱ्या एका जाणत्या माणसास दाखवावे, ते उघड्याच स्थितीत पाटावर ठेवावे, आणि पूजा आटोपेपर्यंत पाटापासून हलू नये. कुंकू नळीत व घोड्याच्या फटीत जाऊ नये म्हणून खाली-वर स्वच्छ कापड घालावे. त्याच संध्याकाळी ते साफ करून ठेवावे, कारण हळदीची पूड तेलात मिसळली की तिचा चिखल होतो. नाहीतरी पावसाळा नुकताच सरलेला असतो. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेने चार महिन्यांत नळीस गंज धरलेला असण्याचा संभव असतोच. शस्त्र कातडी होल्स्टरमध्ये घालून ठेवून दिलेले असेल तर हटकून, कारण कातडे ओल धरते आणि कमावण्याची द्रव्येही पोलादास लागतात. पेटीत ओल शोषणाऱ्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या ठेवाव्यात व त्या बदलत जाव्यात. तेल हलकेसे, कापडाने पुसून लावावे. काडतुसांस ते लागू देऊ नये. बुडातून आत झिरपले तर ऐन वेळी काडतूस फुटत नाही. आणि मागील दसऱ्यास भरलेली काडतुसे या दसऱ्यानंतर मैदानावर झाडून टाकावीत आणि पेटीत नवी भरावीत.